निवारागृहातील मुका सोबती : स्वीकार आणि जबाबदारी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सीमाभागातील घरांतून एक जुनी रीत अद्याप आढळते. घरची मांजरी व्याली आणि पिल्ले डोळे उघडून स्वयंपाकघरात हिंडू लागली, की एखाद्या सकाळी ती पोत्यात घातली जातात आणि सायकलीच्या अथवा मोटारसायकलीच्या मागे बांधून दूरच्या बाजारात, ओढ्यापलीकडे किंवा हमरस्त्याच्या कडेला सोडून दिली जातात. पोते अशासाठी, की मांजराला परतीची वाट कळू नये. सोडून येणाऱ्याच्या मनात क्रौर्य असतेच असे नाही. बाजार आहे, हॉटेल आहे, कोणीतरी दूध घालील, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात आईवेगळी पिल्ले भुकेने, वाहनाखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडून थोड्याच दिवसांत नाहीशी होतात. कुत्र्याच्या माद्या-पिल्लांच्या वाट्यालाही बहुधा हेच येते. जी जगतात ती पुढील वर्षी स्वतः वितात.

अशा टाकलेल्या, जखमी झालेल्या किंवा मालकाने सोडलेल्या प्राण्यांना सांभाळणारी निवारागृहे अलीकडे लहानमोठ्या शहरांतूनही उभी राहिली आहेत. तेथे बरे झालेले प्राणी इच्छुक कुटुंबांना दिले जातात. या देण्याघेण्याला 'दत्तक' असा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द सहज वापरला जात असला, तरी त्याचे वजन या जिल्ह्याला सांगावयास नको. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १८२४ साली दत्तकविधान मान्य करण्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला, आणि त्यातून उद्भवलेल्या संघर्षात राणी चन्नम्मा यांनी शस्त्र हाती धरले. आपल्या कायद्यातही दत्तकाचे एक लक्षण सांगितले आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार रीतसर घेतलेले दत्तक पुढे रद्द करता येत नाही.

प्राण्याच्या बाबतीत कायद्याने असे बंधन घातलेले नाही. परंतु निवारागृहातून कुत्रे वा मांजर घरी आणणाऱ्याने मनाशी हेच लक्षण धरले, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतील. एकदा टाकलेल्या प्राण्याला दुसऱ्यांदा टाकणे हे त्याच्यावर आलेल्या पहिल्या संकटापेक्षा अधिक वाईट असते. म्हणून आणण्यापूर्वी काय विचारात घ्यावे आणि आणल्यानंतर काय करावे, याची माहिती प्रत्येक इच्छुक कुटुंबास असणे आवश्यक आहे.

परंपरेतील दया

मुक्या प्राण्यांविषयीची करुणा आपल्याकडे नवी नाही. सीमाभागातील असंख्य घरांत श्रीदत्ताची तसबीर असते आणि तीत गाईबरोबर चार श्वान असतातच. नरसोबाच्या वाडीला जाणारा भाविक त्या श्वानांनाही हात जोडतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा लहानपणीच कानांवर पडलेली असते. जेवणापूर्वी काढून ठेवलेला घास, उरलेली भाकरी दारातल्या कुत्र्याला टाकण्याची पद्धत, ही याच संस्काराची रूपे होत.

या करुणेला संस्थेचे रूप मुंबईत आले. १८३२ च्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध कोटभागातील पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. कुत्रे मारणाऱ्यास नगामागे इनाम मिळत असल्याने पाळीव कुत्रीही मारली जात होती, हे त्या क्षोभाचे एक कारण होते. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. १८७४ मध्ये प्राणिक्लेश निवारणासाठी संस्था निघाली आणि परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. ते आजही चालू आहे.

या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु तिची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. घास टाकण्याचे पुण्य त्या दिवसापुरते असते. पांजरपोळाला दिलेली देणगीही दिल्यावर संपते. घरात आणलेला प्राणी मात्र दहा-पंधरा वर्षे रोज सकाळी उठून दाराशी उभा राहतो. केवळ कणव आली म्हणून प्राणी आणणाऱ्याची फसगत होते, ती येथेच.

कायद्याची चौकट

१९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा हा केंद्रीय कायदा आहे. त्यामुळे कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे कर्नाटकात व महाराष्ट्रात, तो सारखाच लागू होतो. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीची काळजी घेतली पाहिजे, असे या कायद्याचे तिसरे कलम सांगते. उपासमारीने अथवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणावाचून सोडून देणे हा अकराव्या कलमान्वये गुन्हा आहे. त्याबद्दलचा दंड १९६० सालच्या रुपयाच्या मानाने ठरलेला असल्याने आज नाममात्र वाटतो. परंतु पोत्यात घालून पिल्ले सोडणे हे बेकायदेशीर कृत्य आहे, ही गोष्ट अनेकांस ठाऊकच नसते. या कायद्यान्वये १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी भूतदया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

मोकाट कुत्र्यांची संख्या मारून नव्हे तर निर्बीजीकरणाने आटोक्यात आणावी, हे धोरण २००१ च्या नियमांनी स्वीकारले. त्यांची जागा मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला बारीक खाच पाडलेली असते. रस्त्यावरील कुत्र्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा नाही, हे त्या खुणेवरून सामान्य नागरिकासही ओळखता येते.

दत्तक घेणाऱ्यांच्या दृष्टीने २०२५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री जेथून पकडली तेथेच सोडावीत. रेबीज झालेली वा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. त्याच आदेशात दत्तकाची वाटही मोकळी करण्यात आली. इच्छुक व्यक्तीने स्थानिक नगरसंस्थेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्यास खूणपट्टी लावून ते अर्जदाराच्या नावे द्यावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे न्यायालयाने नमूद केले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. निवारागृहांवरील भार त्यामुळे वाढणार, हे उघड आहे.

येथे प्रमाणाचे भानही राखले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री आढळली. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आणि ११ लाखांहून अधिक कर्नाटकात होती. एवढ्या सर्वांना घर मिळणे शक्य नाही. दत्तक घेणे हा निर्बीजीकरणाला पर्याय होऊ शकत नाही, तो त्याला जोड आहे. मात्र ज्या एका प्राण्याला घर मिळते, त्याच्यापुरता हा प्रश्न पूर्णपणे सुटतो. घर टिकले तरच तो सुटतो.

आणण्यापूर्वीचा विचार

कुत्र्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे १० ते १४ वर्षांचे असते. घरात राहणारे मांजर १५ वर्षेही जगते. या आकड्यांचा अर्थ कुटुंबाच्या आयुष्याशी ताडून पाहावा. पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असेल. घरी साठीतले आईवडील आणि ज्याला उचलून दवाखान्यात न्यावे लागते असे वृद्ध कुत्रे उरेल. म्हणून प्राणी मुलासाठी आणला तरी तो सांभाळण्याचे दायित्व घरातील प्रौढ माणसाने आरंभीच स्वीकारलेले असावे.

दुसरा विचार घरातील माणसांचा. एकत्र कुटुंबात एकाचाही तीव्र विरोध असेल, तर प्राणी आणू नये. कोणाला दमा किंवा प्राण्यांच्या केसांची बाधा असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत प्राण्याने कोठे यावे व कोठे येऊ नये, हे वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. ही बोलणी प्राणी घरात आल्यावर झाली, तर त्यांचा निवाडा बहुधा प्राण्याच्या विरुद्ध लागतो.

तिसरा विचार जागेचा आणि वेळेचा. भाड्याचे घर असल्यास घरमालकाशी आधी बोलावे. ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी पुढच्या गावी प्राणी नेणार काय, याचे उत्तर आजच शोधून ठेवावे. कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा फिरवावे लागते. सकाळी आठला घर सोडून रात्री परतणाऱ्या दांपत्याने कुत्र्याऐवजी प्रौढ मांजराचा विचार करणे श्रेयस्कर. पंढरीची वारी, लग्नकार्ये, गणपतीतले गावी जाणे, अशा वेळी प्राण्याकडे कोण पाहील, त्या माणसाचे नावही ठरलेले असावे.

चौथा विचार खर्चाचा. निवारागृहातून प्राणी अल्प मोबदल्यात किंवा विनामूल्य मिळतो. परंतु वार्षिक लस, जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त, रोजचे अन्न आणि अचानक उद्भवणारे आजारपण हा खर्च कायमचा असतो. घराच्या मासिक जमाखर्चात त्याला स्वतंत्र जागा असावी.

निवड कशाची करावी

कुत्रे म्हटले की जातिवंत कुत्रे, अशी समजूत दृढ होत चालली आहे. सीमाभागाला तर शेजारच्या मुधोळच्या शिकारी कुत्र्याचा सार्थ अभिमान आहे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जोपासलेली आणि महाराष्ट्रात 'कारवान' या नावाने ओळखली जाणारी ही सडपातळ, लांब पायांची जात. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि २०१६ मध्ये ही कुत्री प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात दाखल झाली. परंतु मैलोगणती धावण्यासाठी घडलेले हे जनावर दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधले, तर त्याचाही जीव कोंडतो आणि घराचाही. जात पाहून आणलेली आणि न पेलल्यामुळे सोडलेली कुत्री निवारागृहांतून दिसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

त्या मानाने ज्याला आपण गावठी म्हणतो ते कुत्रे येथील हवेला सरावलेले असते. आखूड केसांमुळे त्याची निगा सोपी असते. राखणीला ते तरबेज असते आणि माणसाच्या सहवासात झपाट्याने शिकते. शेतातील वस्ती असो वा शहरातील सदनिका, त्याची अडचण सहसा होत नाही.

पिल्लू घ्यावे की प्रौढ प्राणी, हा पुढचा प्रश्न. बहुतेकांचा कल पिल्लाकडे असतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, या म्हणीमुळे प्रौढ कुत्रे शिकत नाही असा समज पसरला आहे. ती म्हण माणसांच्या स्वभावासाठी योजलेली आहे. कुत्र्याच्या बाबतीत ती खरी नाही. प्रौढ कुत्र्याला बाहेर विधीला जाण्याची सवय लावणे पुष्कळदा पिल्लापेक्षा सोपे जाते. शिवाय त्याचा आकार, स्वभाव, मुलांशी वा मांजरांशी त्याचे पटते की नाही, हे सर्व समोर दिसत असते. पिल्लाच्या बाबतीत यांतील काहीच निश्चित सांगता येत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच प्राणी येत आहे, तेथे दोन-तीन वर्षांचे शांत कुत्रे किंवा मांजर अधिक सोयीचे ठरते. पिल्लू घ्यावयाचे असेल, तर ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे.

निवारागृहात गेल्यावर

एकाच भेटीत निर्णय करू नये. घरातील सर्वांनी मिळून दोन-तीनदा जावे, वेगवेगळ्या वेळी प्राणी पाहावा, कुत्र्याला थोडे फिरवून आणावे. कोपऱ्यात दबून बसलेले कुत्रे वाईट स्वभावाचे नसते, ते घाबरलेले असते. मात्र त्याला घरी नेणाऱ्याजवळ धीर असावा लागतो. तेथील कर्मचाऱ्यांना पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात : प्राणी कोठून आला, किती दिवस तेथे आहे, कोणत्या लसी केव्हा दिल्या, शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोणता आजार होऊन गेला, तो कशाला भितो, काय खातो.

सीमाभागात आणखी एक प्रश्न विचारावा. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलले जात होते? कन्नड बोलणाऱ्या सेवकाच्या हाताखाली वाढलेले कुत्रे 'बा' म्हटले की धावत येते. त्याला 'ये' म्हटलेले प्रथम कळत नाही. नव्या घरी ते ऐकत नाही अशी तक्रार होते, तेव्हा दोष कुत्र्याचा नसतो. ओळखीचे चार शब्द कागदावर लिहून आणले, तर पहिला आठवडा दोघांनाही सोपा जातो.

चांगले निवारागृह इच्छुकालाही प्रश्न विचारते, घर पाहण्यास माणूस पाठवते आणि लेखी हमी घेते. यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. प्रश्न न विचारता प्राणी हाती देणाऱ्या ठिकाणाविषयी मात्र सावध असावे. लसीकरणाचे पुस्तक, शस्त्रक्रियेचा दाखला आणि दत्तकपत्राची प्रत घेतल्यावाचून परतू नये. कोल्हापूर किंवा गोव्याच्या निवारागृहातून बेळगावास प्राणी आणताना, तसेच पुढे रेल्वेने प्रवास करताना, ही कागदपत्रे उपयोगी पडतात.

पहिले तीन महिने

निवारागृहे चालवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने रुळण्याचे. पहिल्या तीन दिवसांत कुत्रे खाणारही नाही, पलंगाखालून बाहेर येणार नाही. त्या काळात शेजारपाजाऱ्यांना दाखवण्याचा सोहळा करू नये. त्याला एक ठरलेला कोपरा, पाण्याचे भांडे आणि शांतता द्यावी. जेवण, फिरणे व झोपणे यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्यात. योग्य जागी विधी केला की लगेच शाबासकी द्यावी. घरात घाण झाल्यास मारू नये किंवा त्यात नाक घासू नये. त्यामुळे कुत्रे एवढेच शिकते की या माणसांसमोर विधी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते लपून करू लागते. पहिले काही आठवडे दार उघडताना गळ्यात पट्टा असावा, पट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. नवे कुत्रे पळून जाण्याचा धोका याच काळात अधिक असतो.

मांजराला आरंभी सारे घर मोकळे करू नये. सुमारे दोन आठवडे एकाच खोलीत ठेवावे आणि तेथेच वाळूचे घमेले, अन्न व पाणी द्यावे. अन्न आणि वाळू जवळजवळ ठेवू नयेत. मांजर माणसापेक्षा जागेला जीव लावते, असे आपले लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. नव्या जागेची ओळख पटण्यापूर्वी बाहेर सोडलेले मांजर जुन्या ठिकाणाच्या शोधात निघून जाते. वरच्या मजल्यावरील घरांनी खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी.

मुलांना दोन नियम घालून द्यावेत. प्राणी खात वा झोपत असताना त्याला हात लावायचा नाही, आणि तो दूर जाऊ लागला तर पाठलाग करायचा नाही. घरातल्या घरात होणारे बरेच चावे हे नियम पाळल्यास टळतात. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री बिथरतात; त्या दिवसांत त्यांना आतल्या खोलीत ठेवून दारेखिडक्या लावून घ्याव्यात आणि फिरवणे दिवसाउजेडी उरकावे.

अन्न, औषध आणि विष

मराठी घरात मांजराला दूधभात घालण्याची पद्धत आहे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी असून टॉरीन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो मांस, मासे यांत असतो, भातात वा भाजीत नसतो. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. शुद्ध शाकाहारी कुटुंबाने मांजर आणण्यापूर्वी या गोष्टीचा विचार केला पाहिजे. बाजारात मिळणारे तयार खाद्य वापरण्याची तयारी असल्यास मार्ग निघतो. कुत्रे भाकरी, भात पचवते, परंतु त्यालाही अंडी, मांस, डाळ यांची जोड हवी. भुकेले मांजर उंदीर अधिक मारते हा गैरसमज आहे; पोट भरलेले मांजरही शिकार करते.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला कदापि देऊ नयेत. अथणीकडील द्राक्षे घरोघरी येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शिजवलेल्या मटणाची वा कोंबडीची हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात. तंबाखूतील निकोटिन कुत्र्यामांजरांना विषासारखे बाधते. निपाणी परिसरात घरोघरी तंबाखू व विड्यांचे काम चालते. तेथे चुरा, पाने आणि थोटके प्राण्याच्या तोंडी लागणार नाहीत अशी व्यवस्था असावी. उंदरांसाठी ठेवलेले विष कुत्रे थेट खाते, किंवा मेलेल्या उंदरातून ते त्याच्या पोटात जाते.

औषधांच्या बाबतीत घरगुती शहाणपण टाळावे. तापावर माणसे घेतात ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गुरांच्या गोचिडांवर फवारावयाची काही औषधे मांजराला लावल्यास त्याला झटके येतात व ते दगावते. बेळगावच्या दीर्घ पावसाळ्यात गोचिडांतून होणारे ताप आणि साचलेल्या पाण्यातील उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हे कुत्र्यांचे नेहमीचे आजार आहेत. कुत्रे अकस्मात मलूल झाले, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी लाल होऊ लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांच्या लसींचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सुमारे चौथ्या महिन्यापर्यंत द्यावेत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर पशुवैद्याच्या सल्ल्याप्रमाणे द्यावी. निर्बीजीकरण साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास करून घ्यावे. एकदा तरी वीण होऊ द्यावी, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, हे लक्षात ठेवून पशुवैद्याला वेळीच विचारावे.

रेबीजचे भान

बेळगावच्या टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव आज मैदानाच्या आणि झाडीच्या संदर्भात घेतले जाते. ब्रिटिश अमदानीत देवीची लस तयार करण्याचे काम तेथे चालत असे, त्यावरून ते पडले. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, ते लसीमुळेच. हाच धडा रेबीजला लागू आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय जवळजवळ नाही, आणि लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून घरोघर व रस्तोरस्ती कुत्र्यांना लस देण्याची मोहीम राबवण्यात आली आणि माणसांचे मृत्यू झपाट्याने घटले. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. चोर्ला घाटापलीकडे जे साधले, ते अलीकडेही साधता येईल.

घरच्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले, तरी कोणत्याही कुत्र्यामांजराने चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. मिरचीपूड, चुना, हळद असे काहीही लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस पूर्ण करावी. जखम खोल असल्यास लसीबरोबर सीरमही लागते. 'घरचेच आहे' म्हणून दुर्लक्ष करणे अनेकांना भोवले आहे.

जमत नाही असे वाटल्यास

सर्व विचार करूनही काही वेळा अडचण येते. घरात आजारपण येते, नोकरी जाते, प्राण्याचे जुन्या कुत्र्याशी पटत नाही. अशा वेळी लाज वाटून त्याला गुपचूप कोठेतरी सोडून देणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. प्रथम पशुवैद्याला दाखवावे. चिडचिड करणाऱ्या प्राण्याला पुष्कळदा दुखणे असते. मग ज्या निवारागृहातून तो आणला, तेथे स्पष्टपणे कळवावे आणि दुसरे घर मिळेपर्यंत त्याला आपल्याकडे ठेवावे. चांगले निवारागृह दत्तकपत्रातच ही तरतूद करते. ज्यांना कायमचा स्वीकार शक्य नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. बऱ्या होत असलेल्या प्राण्याला काही आठवडे घरी सांभाळणे, निवारागृहाला धान्य, जुनी पांघरुणे वा औषधे देणे, गल्लीतील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी नगरपालिकेकडे पाठपुरावा करणे, ही कामेही तितकीच मोलाची आहेत.

आणि ज्यांच्या घरी आधीच मांजरी वा कुत्री आहे, त्यांनी आरंभ तेथूनच करावा. तिची शस्त्रक्रिया वेळीच करून घेतली, तर पुढच्या वर्षी पोते शोधण्याची वेळ येणार नाही. निवारागृहातून मांजराची टोपली घरी आणणाऱ्याने वाटेत हेही आठवावे, की कोणीतरी याच प्राण्याला याच रस्त्याने, परत येऊ नये म्हणून, उलट दिशेला नेले होते. ही टोपली पुन्हा त्या दिशेला जाणार नाही, एवढा निश्चय घरातून निघण्यापूर्वी झालेला असला म्हणजे दत्तक या शब्दाचा मान राहिला असे समजावे.